पिकअपचे फॉग लाइट: घाटासाठी निवड, फिटिंग आणि भरल्या गाडीचं सेटिंग

पावसाळ्यात ओतूर-जुन्नरकडची भाजी रात्रीच माळशेज उतरून कल्याणच्या बाजाराला निघते. कोकणात उतरणारा माल आंबोली, गगनबावडा, कुंभार्लीच्या वाटेनं जातो. जुलै-ऑगस्टात या घाटांत धुकं असं दाटतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तरी हायसं वाटतं. म्हणून मृग तोंडावर आला की पिकअपवाले गॅरेज गाठतात आणि मागणी सगळ्यांची एकच असते: सर्वांत जास्त वॅटचे लाइट बसवा.

धुक्यात नुसत्या वॅटचा उपयोग होत नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात: दिवा जमिनीपासून किती उंच आहे, त्याच्या झोताची वरची कड किती स्वच्छ कापलेली आहे, आणि गाडीत माल भरल्यावर ती कड नेमकी कुठं जाते. तिसरी गोष्ट गॅरेजमध्ये जवळजवळ कुणीच बघत नाही, कारण फिटिंगला गाडी नेहमी रिकामी येते. घाट उतरताना मात्र ती भरलेली असते. बाजारातला सर्वांत महाग दिवाही याच फरकापायी वाया जातो, आणि साधी जोडी नीट लावली तर उत्तम चालते.

पुढचं सगळं बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इंट्रा, दोस्त अशा १२ व्होल्टच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. २४ व्होल्टच्या ट्रकला यातले अँपिअरचे आकडे लावू नका.

आधी आहेत ते हेडलाइट बघा

नवे दिवे घेण्याआधी एक संध्याकाळ जुन्या हेडलाइटला द्या. प्लॅस्टिकची काच पिवळी, दुधाळ झाली असेल तर निम्मा उजेड तिथंच अडतो आणि उरलेला भलतीकडे फाकतो. ती पॉलिश करून घ्या, फार खराब असेल तर बदला. मग इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरनं बॅटरीवर व्होल्टेज बघा. चांगल्या गाडीत ते १३.८ ते १४.२ च्या आसपास येतं. आता लाइट लावून तेच माप बल्बच्या कपलरवर (बल्बला वायर जोडणाऱ्या सॉकेटवर) घ्या. तिथं १२ च्या खाली दिसलं तर वायर, स्विच किंवा अर्थ व्होल्टेज खातोय. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं पडतो. १३ चं १२ झालं की उजेड साधारण पाव हिश्शानं कमी होतो. हेडलाइटला रिले (बारीक करंटवर चालणारा मोठा स्विच, त्याची जोडणी पुढं वायरिंगमध्ये आहे) लावून जाड वायर टाकली तर हा गेलेला उजेड परत येतो, आणि कित्येकदा तेवढ्यावरच काम भागतं.

बल्ब मात्र कंपनीच्या मापाचाच ठेवा. एच ४ चा नेहमीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी १००/९० वॅटचा घातला की कपलर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चांदी काळी पडते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवायची टूमही टाळा. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेच्या हिशेबानं घडवलेला असतो. एलईडीची चिप त्याच जागी, त्याच आकारात बसेल याची खात्री नसते. मग झोत फुटतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि धुक्यात तोच प्रकाश उलटून तुमच्या डोळ्यांवर येतो.

फॉग लाइट हवा की लांब पल्ल्याचा?

दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेले असतात, पण काम अगदी वेगळं. लांब पल्ल्याचा दिवा अरुंद झोत दूर फेकतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर, समोरून कुणी येत नसताना त्याचा फायदा होतो. घाटात दर पन्नास पावलांवर वळण असतं, तिथं तो झोत दरीत नाहीतर समोरच्या कड्यावर जातो. धुक्यात तर तो समोर पांढरी भिंतच उभी करतो.

फॉग लाइटचा झोत आडवा पसरतो, वर सरळ रेषेत कापलेला असतो आणि जवळचा रस्ता दाखवतो: कडेचा पांढरा पट्टा, कठड्याचा पाया, गटाराची कड. घाटात गाडी याच खुणांवर चालते. डोळ्यांच्या रेषेतलं धुकं उजळू न देता त्याच्या खालून रस्ता उजळायचा, एवढंच या दिव्याचं काम. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भाजी, दूध, मासळी घेऊन रात्री घाट करणाऱ्या पिकअपला फॉग लाइटची एक चांगली जोडी पुरते. लांब पल्ल्याचे दिवे सोलापूर-मराठवाड्याच्या पट्ट्यात फिरणाऱ्यांनी घ्यावेत, तेही अप्परशी, म्हणजे हेडलाइटच्या लांबच्या झोताशी, जोडून. ते कसं जोडायचं ते पुढं येतंच.

विकत घेताना

झोताची वरची कड सर्वांत आधी तपासा. दुकानदाराला दिवा १२ व्होल्टवर लावून दोन-तीन मीटरवरच्या भिंतीवर झोत टाकायला सांगा. खाली उजेड, वर अंधार आणि मधे स्पष्ट आडवी रेघ दिसली तर तो फॉग लाइट. गोल ठिपका किंवा चहूकडे पसरलेला उजेड दिसला तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, धुक्यासाठी तो निरुपयोगी. नुसत्या उघड्या चिपांची रांग असलेल्या स्वस्त एलईडी पट्ट्यांना अशी कड नसते. त्या शेतात थ्रेशरवर लावायला ठीक आहेत, रस्त्यावर नाहीत.

खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. '१८० वॅट' असं छापलेला दिवा खरंच तेवढा असेल तर १२ व्होल्टवर त्यानं १५ अँपिअर घ्यायला हवेत. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा मीटर) लावला आणि ३ अँपिअर दिसले तर तो दिवा ३६ वॅटचा आहे. दुकानात मीटर नसेल तर ओळखीच्या वायरमनचा घेऊन जा.

हॅलोजन की एलईडी, यावर फार वाद घालण्यासारखं काही नाही. ५५ वॅटच्या हॅलोजनची जोडी साधारण ९ ते १० अँपिअर घेते. २० वॅटच्या एलईडीची जोडी साडेतीनच्या आत राहते, म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटरवर ताण कमी. पण हॅलोजनचा बल्ब ओतूरच्या स्टँडवरही मिळतो, तर एलईडी गेला की अख्खा दिवा बदलावा लागतो. ज्याची कड स्वच्छ, तो घ्या.

रंगाबद्दल बरेच समज आहेत. पिवळा प्रकाश धुकं 'भेदतो' असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानानं इतके मोठे असतात की सगळे रंग ते जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा डोळ्यांना होतो. निळसर पांढरा प्रकाश उलटून आला की डोळ्यांना जास्त खुपतो, तासभर घाट चालवल्यावर डोळे शिणतात. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळेच लावायचा नियम होता. ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळा किंवा साधा उबदार पांढरा घ्या, ६००० च्या पुढचा निळसर नको.

बाकी अंग बघताना आयपी ६७ किंवा त्यावरचं जलरोधन, ओतीव अॅल्युमिनियमची बॉडी आणि मागून निघणाऱ्या वायरला कपलर आहे का, एवढं पुरे. काचेवर युरोपातल्या मान्यतेचा ई-मार्क किंवा आपल्याकडचं मान्यतेचं चिन्ह कोरलेलं असेल तर उत्तम.

कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम झोताबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवेल असा दिवा पुढं चालत नाही. म्हणजे समोरून येणारा जीपवाला किंवा मोटारसायकलवालाच. १११ वा नियम पुढं स्पॉट लाइट, सर्च लाइट लावायला मनाई करतो. खास कारण असेल तर नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. टपावर दिव्यांची रांग लावून फिरणाऱ्या गाड्या तपासणीला अडकतात त्या यामुळं.

दुसरी गोष्ट बुल बारची. पिकअपला पुढं लोखंडी पाइपचं गार्ड लावून त्यावर दिवे बसवायची पद्धत सगळीकडे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा हवाला देऊन अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. धडक बसली की ते गार्ड आघात सरळ चासीत पोचवतं आणि पायी चालणाऱ्याला तर जीवघेणं ठरतं. दिव्यांसाठी गार्ड बसवू नका, त्याची गरजही पडत नाही.

जागा आणि ब्रॅकेट

फॉग लाइट जितका खाली तितका चांगला, पण दगड आणि पाणी यांचाही विचार हवा. आंतरराष्ट्रीय नियमांत हलक्या गाड्यांसाठी जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटर ही मर्यादा आहे. आपल्या रस्त्यांवर ४५ ते ६० सेंटिमीटर ही उंची मला सर्वांत योग्य वाटते. याहून खाली लावला तर पहिल्याच ओढ्यात दिवा बुडेल, आणि हेडलाइटच्या वर तर कधीच नको. आडव्या दिशेनं दोन्ही दिवे कडेला, गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४० सेंटिमीटरच्या आत ठेवा. समोरच्याला गाडीची रुंदी कळते आणि कठड्याचा पायाही उजळतो.

कंपनीनं बंपरमध्ये फॉग लाइटची जागा दिली असेल तर तीच वापरा, झाकण काढलं की मागं बोल्टची भोकं तयार मिळतात. तशी जागा नसेल तर बंपर कशाचा आहे ते बघा. लोखंडी बंपरला सरळ ब्रॅकेट मारता येतं. फायबरच्या बंपरला दिवा कधीच टांगू नका, तो थरथरतो आणि वर्षभरात तिथं चीर जाते. अशा वेळी बंपरच्या मागं चासीच्या टोकाला ब्रॅकेट धरा आणि दिवा जाळीतून बाहेर बघेल असा ठेवा.

ब्रॅकेट किमान ३ मिलिमीटर जाड पट्टीचं आणि आखूड हवं. लांब पट्टीच्या टोकाला बसवलेला दिवा खड्ड्यात नाचतो आणि झोतही त्याच्याबरोबर नाचतो. एकाच बोल्टवर उभा दिवा असेल तर मागून आधाराची दुसरी पट्टी द्या. रेडिएटरची हवा, नंबर प्लेट आणि इंडिकेटर अडणार नाहीत याची काळजी घ्या. भोक पाडल्यावर कडा कानशीनं साफ करून लगेच रेडऑक्साइडचा हात मारा. कोकणात उतरणाऱ्या गाडीला उघडं भोक म्हणजे गंजाला आमंत्रण.

नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) वापरा, किंवा साध्या नटाखाली स्प्रिंग वायसर द्या. सगळं सेटिंग संपल्यावर नट आणि ब्रॅकेट यांच्यावरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या महिन्यात ती रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे; हे तपासायला पाना लावायचीही गरज नाही.

वायरिंग

पहिलं काम, बॅटरीचा निगेटिव्ह काढा. जोडताना तोच सर्वांत शेवटी. पॉझिटिव्हवर पाना फिरवताना तो बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. निगेटिव्ह सुटा असेल तर काही होत नाही.

हेडलाइटच्या वायरला टोचून फॉग लाइट लावायचा मोह टाळा. ती वायर आणि तो स्विच कंपनीनं मोजक्या अँपिअरसाठी दिलेला असतो. रिले म्हणजे स्विचच्या बारीक करंटवर चालणारा मोठा स्विच. केबिनमधून फक्त रिलेच्या कॉइलचा नगण्य करंट जातो आणि दिव्यांचा सगळा भार बॅटरीतून सरळ येतो.

बाजारात १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा चार पायांचा रिले मिळतो. पायांवर आकडे कोरलेले असतात आणि ते सगळीकडे सारखेच. ३० वर बॅटरीची फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वर दिव्यांना जाणारी वायर, ८६ वर स्विचची वायर, ८५ वर अर्थ. पाच पायांचा रिले हातात आला तर मधला पाय नीट वाचा. ८७ ए लिहिलेलं असेल तर तो पाय स्विच बंद असताना चालू असतो; दिवे त्याला जोडले तर उलटंच होईल.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत बसवा. फ्यूज वायरला जळण्यापासून वाचवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठं घासली तर तिला कुणीच वाचवत नाही, म्हणून तो तुकडा आखूड. ५५ वॅटच्या हॅलोजन जोडीला १५ अँपिअरचा फ्यूज, २० वॅटच्या एलईडी जोडीला ५ किंवा ७.५ चा. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालायचा नाही, आधी कारण शोधायचं.

वायरची जाडी हा कंजूषपणा करायचा विषय नाही. बॅटरी ते रिले आणि रिले ते दिवे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर घ्या, प्रत्येक दिव्याच्या शेवटच्या तुकड्याला १.५ ची चालेल आणि स्विचला ०.७५ ची पुरे. हिशेब असा: १० अँपिअर ३ मीटर लांब १ चौरस मिलिमीटरच्या वायरमधून गेले की अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, अर्थच्या वायरमध्ये तेवढाच आणखी. २.५ च्या वायरमध्ये तेच नुकसान ०.२ व्होल्टवर येतं. अर्ध्या-पाऊण व्होल्टनं हॅलोजनचं काय होतं ते वर आलंच आहे.

आता स्विचला करंट कुठून द्यायचा? फॉग लाइटच्या स्विचला तो पार्किंग लाइटच्या वायरवरून द्या. मग पार्किंग लावल्याशिवाय फॉग लागणारच नाही. म्हणजे धुक्यात फॉग लाइट चालू असताना मागचे लाल दिवे हटकून चालू असतील. मागून येणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे. लांब पल्ल्याचे दिवे असतील तर त्यांच्या स्विचला करंट अप्परच्या वायरवरून द्या, म्हणजे हेडलाइट डिपरवर (खालच्या झोतावर) घेताच तेही विझतील. एक खबरदारी: काही गाड्यांत हेडलाइटला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच निगेटिव्ह देतो. तिथं टेस्ट लॅम्पनं तपासल्याशिवाय काही जोडू नका. नव्या गाड्यांत दिवे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवरून चालतात, त्यांच्या वायरला टोचलं तर वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. अशा गाडीला कंपनीचं तयार हार्नेस (कपलरसकट बांधलेलं वायरिंग) घेणं परवडतं.

रिले उभा बसवा, पाय खालच्या बाजूला, म्हणजे आत पाणी साचत नाही. जागा बोनेटखाली, बॅटरीजवळ, पण सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब. वायर मूळ वायरिंगच्या सोबतीनं, काळ्या फ्लेक्झिबल पाइपातून न्या आणि दर वितीला टाय मारा. फॅन, स्टिअरिंगचा रॉड आणि धारदार पत्रा यांच्या जवळून नको. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत जाताना रबरी ग्रोमेट हवंच. आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोका द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोक्याच्या तळाशी गळून पडतं, केबिनमध्ये जात नाही. दिव्याच्या मागंही असाच झोका ठेवा.

सांधे पिळून टेप गुंडाळायची सवय पावसाळ्यात महागात पडते. टेप सुटते, तांबं हिरवं पडतं आणि दिवा कधी लागतो कधी नाही असा खेळ सुरू होतो. थिंबल (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) पक्कडीनं नीट दाबून बसवा, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. दिव्याला पाणी न शिरणारं कपलर असेल तर पुढं दिवा बदलणं पाच मिनिटांचं काम होतं.

आणि अर्थ. दिवा मिणमिणतो अशा तक्रारींत माझा पहिला संशय अर्थवरच असतो. बंपर रबराच्या बुशवर बसलेला असेल तर बंपरला दिलेला अर्थ पोकळ असतो. चासीवर एक जागा निवडा, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, गोल थिंबल आणि दातेरी वायसर घालून बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. दोन्ही दिव्यांचे अर्थ तिथंच आणा. मग दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या अर्थ वायरला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पुन्हा करा.

हॅलोजनचा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथं जळतं, काच एकाच जागी तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट तर स्पिरिटच्या फडक्यानं पुसा.

भरल्या गाडीचं सेटिंग

पिकअपला मागं पाटे (पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) असतात. माल भरला की मागचा भाग बसतो आणि तोंड वर होतं. चाकांमधलं अंतर साधारण ३ मीटर धरा आणि मालानं मागची बाजू ६ सेंटिमीटर बसली असं समजा. एवढ्यानं सगळे झोत दोन टक्क्यांनी वर जातात: १० मीटरवर २० सेंटिमीटर, ५० मीटरवर पुरा एक मीटर. रिकाम्या गाडीवर कड रस्त्यावर टेकत होती, ती आता समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या छातीवर आणि धुक्याच्या मधोमध गेली. हेडलाइट खाली घ्यायला डॅशबोर्डवर गोल बटण असलं तरी त्याचा तुम्ही नव्यानं बसवलेल्या दिव्यांशी काही संबंध नसतो.

म्हणून सेटिंग माल भरून करा. कॅरेट चढवून झाली की निघण्याआधी शेडची भिंत आणि समोरची सपाट जागा वापरा. मार्केट यार्डातही चालेल. आधी चारही टायरची हवा बघा, कारण मागचा टायर बसलेला असेल तर माप खोटं येतं. चालक जागेवर बसलेला असू द्या.

गाडी भिंतीला टेकवून भिंतीवर दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची आणि गाडीची मधली रेघ खडूनं आखा. मग सरळ मागं येत दिवे आणि भिंत यांत १० मीटर अंतर ठेवा. या अंतरावर एक टक्का म्हणजे बरोबर १० सेंटिमीटर, हिशेब सोपा होतो. दिव्याच्या उंचीच्या रेघेखाली १५ सेंटिमीटरवर दुसरी आडवी रेघ मारा. एक दिवा पोत्यानं झाका, दुसऱ्याच्या झोताची वरची कड या खालच्या रेघेवर आणा, मग उलट करा. दोन्ही कडा एका पातळीत हव्यात आणि झोत सरळ पुढं, फार तर किंचित बाहेरच्या बाजूला.

५५ सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याला १५ सेंटिमीटरचा हा उतार दिला की कड साधारण ३५ मीटरवर जमिनीला लागते. रिकामी गाडी आली की तीच कड १५-१६ मीटरवर येईल. ते कमी वाटेल, पण भाजीची गाडी भरून रात्री घाट उतरते आणि रिकामी बहुतेक दिवसाउजेडी परतते. दोन्हीपैकी एकच साधायचं असेल तर भरल्या गाडीचं साधा. दुधाच्या टाकीसारखा रोज ठरावीक भार असेल तर काम आणखी अचूक होतं.

शेवटी ८ मीटरवर, उजव्या कडेला, दीड मीटर उंचीवर डोळे ठेवून स्वतः उभं राहा आणि दिव्याकडे बघा. डोळे मिटावेसे वाटले तर कड अजून खाली घ्या.

घाटात वापरताना

धुकं लागलं की हेडलाइट डिपरवर, फॉग चालू, अप्पर पूर्ण बंद. ताशी ६० वर गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला एक-दीड सेकंद लागतो, म्हणजे ब्रेक लागायच्या आतच १७ ते २५ मीटर संपले, आणि ओल्या उतारावर भरलेली गाडी थांबायला पुढं आणखी बरंच अंतर घेते. फॉग लाइट ३५ मीटर दाखवत असेल तर वेग ३० च्या आसपासच हवा, त्याहून दाट असेल तर आणखी कमी. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही वळताय की उभे आहात ते कळत नाही. उभं राहावंच लागलं तर रस्ता पूर्ण सोडून उभे राहा आणि तेव्हा लावा.

धुकं सरलं की फॉग बंद करा. ओल्या डांबरावरून त्यांचा प्रकाश उसळून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या फाळक्यावरची लाल परावर्तक पट्टी आणि दिव्यांच्या काचाही निघण्याआधी पुसून घ्या, माळशेज उतरेपर्यंत त्यावर चिखलाचा थर बसलेला असतो.

पावसाळाभर महिन्यातून एकदा बोनेट उघडून फ्यूजचा होल्डर, अर्थचा बोल्ट आणि नेलपॉलिशची रेघ बघा. दिव्याच्या आत बाष्प धरलं असेल तर खालचं श्वासाचं भोक चिखलानं बुजलेलं असतं, काडीनं मोकळं करा. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याच मापाचे दोन फ्यूज, एक रिले आणि हॅलोजन असेल तर एक बल्ब कागदात गुंडाळून ठेवा. पाटे बदलले, मागं जादा पाटा टाकला किंवा टायरचं माप बदललं, तर १० मीटरचं सेटिंग पुन्हा करून घ्या.